ईसीजीची पट्टी आणि संगणक : अभियंत्याने वैद्यकीय संशोधन कसे करावे

ईसीजी यंत्राचा लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला लावतात. हृदयाच्या विद्युत संकेतांवर संगणकाच्या मदतीने संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी माझ्याकडे आला, की मी त्याला आधी हे वाक्य पाठ करायला सांगतो आणि मग आठवडाभर ईसीजी तंत्रज्ञाशेजारी बसायला पाठवतो. लाल आणि पिवळ्या चिमट्यांची घाईत अदलाबदल झाली, तर पहिल्या लीडमधला (लीड म्हणजे एका ठरावीक दिशेने पाहिलेला हृदयाचा संकेत) आलेख उलटा येतो आणि एरवी खाली वळणारी एव्हीआर लीड वर उठलेली दिसते. अनुभवी तंत्रज्ञ कागद यंत्रातून बाहेर सरकत असतानाच ही चूक ओळखतो आणि पट्टी पुन्हा काढतो. संगणकाला ते कोणी शिकवलेले नसेल, तर तो त्या उलट्या आलेखात आजार शोधत बसतो.

संगणकशास्त्र, अभियांत्रिकी आणि वैद्यक या तिन्हींना जोडणारे काम पुष्कळ प्रकारचे असते. येथे मी ईसीजीवरून हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ओळखणे हे एक उदाहरण मुख्यतः धरले आहे, कारण त्यात तिन्ही शाखांचे प्रश्न एकाच कागदी पट्टीवर एकत्र येतात. या कामात मोजणीचे एकक रुग्ण असतो, हे एकदा मनात पक्के बसले, की प्रश्न कसा मांडावा, नोंदी कशा वाटाव्यात, किती लोक तपासावेत आणि निकाल कसा सांगावा, याची बरीचशी उत्तरे आपोआप मिळत जातात.

प्रश्न ओपीडीतून आणावा

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांचे ईसीजी नोंदवणारे यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी १९०५ मध्ये लायडनच्या रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर तार टाकून रुग्णांचे संकेत आणवले. पुढे १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज नोंदींचे संच इंटरनेटवरून काही मिनिटांत उतरवून घेता येतात, त्यामुळे रुग्णालयापर्यंतचे ते अंतर संपल्यासारखे वाटते आणि संशोधक ओपीडीचे तोंड न पाहता प्रबंध पूर्ण करतो. असे करू नये.

ओपीडीत बसताना वही न्यावी, लॅपटॉप नेऊ नये. डॉक्टर पट्टीकडे पाहून पुढे काय करतात, एवढेच लिहीत जावे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, उभ्या दिशेने तोच चौकोन ०.१ मिलिव्होल्टचा. डॉक्टर आधी एक मिलिव्होल्टची प्रमाण-खूण बरोबर आहे का ते पाहतात, मग ठोक्यांमधील अंतरे सारखी आहेत का ते बोटाने किंवा कंपासाने मोजतात, आणि त्यानंतर बहुधा जुनी पट्टी मागतात. जुन्या पट्टीशी तुलना करण्याची ही सवय संगणकाच्या फारच थोड्या मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्राममध्ये, उतरलेली असते, आणि माझ्या मते संशोधनाला तेथे मोठा वाव आहे.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा असावा : या पट्टीवरून तुमचा कोणता निर्णय बदलतो? ‘ठोक्यांचे पाच प्रकारांत वर्गीकरण’ ही संगणकाच्या माणसाने सोयीसाठी घडवलेली समस्या आहे. डॉक्टरांची समस्या वेगळी असते. अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, अनियमित कंपन, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ते आढळले तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका वाढतो, आणि म्हणून रक्त पातळ करणारे औषध सुरू करायचे की नाही हे ठरवावे लागते. संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्यात रुग्ण कोण, जागा कोणती, यंत्र कोणते आणि निर्णय कोणता हे चारही यावेत. उदाहरणार्थ : ‘ग्रामीण रुग्णालयात आलेल्या साठ वर्षांवरील व्यक्तीचा दहा सेकंदांचा, बारा लीडचा ईसीजी पाहून तिला त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे ठरवताना ही पद्धत वैद्यकीय अधिकाऱ्याला उपयोगी पडते का?’ हे वाक्य लिहिता येत नसेल, तर अजून काही दिवस ओपीडीत बसावे.

सहकारी डॉक्टर पहिल्या दिवसापासून संशोधनात असावेत. डेटा देणारे म्हणून त्यांना शेवटी जोडून घेणे हा त्यांच्या ज्ञानाचा अपमान तर आहेच, शिवाय कामाचेही त्यात नुकसान होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत शल्यचिकित्सक आणि अभियंते एकाच छताखाली वर्षानुवर्षे काम करत राहिले, म्हणून १९९० मध्ये तेथे बनलेली हृदयाची कृत्रिम झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवता आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या बेटिक या वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या केंद्राचीही रीत अशीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या अडचणीपासून सुरुवात करण्याची आहे. भेटीसाठी डॉक्टरांकडे ओपीडी संपल्यानंतरची दहा मिनिटेच असतात. त्या वेळेत तीस स्लाइड दाखवू नयेत. एक पट्टी त्यांच्यासमोर ठेवावी आणि ऐकावे.

संकेत जेथे जन्मतो, तेथपर्यंत जावे

अमेरिकेत विजेच्या पुरवठ्याची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, भारतात ५०. शालेय पुस्तकातले हे वाक्य मी विसरलो आणि माझे दोन आठवडे वाया गेले. अमेरिकी नोंदींसाठी लिहिलेला गाळणीचा, म्हणजे नको त्या वारंवारता काढून टाकणारा, प्रोग्राम मी जसाच्या तसा आमच्या नोंदींवर चालवला. तो इमाने इतबारे ६० हर्ट्झची गुणगुण काढून टाकत होता आणि आमच्या पट्ट्यांवरची ५० हर्ट्झची बारीक कंगव्यासारखी थरथर तशीच राहत होती. मी दोष मॉडेलला देत राहिलो. शेवटी एका पट्टीचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा पडद्यावर मोठा करून त्यातली शिखरे हाताने मोजली, ती पंचवीस निघाली, आणि चूक सापडली. तेव्हापासून प्रत्येक नव्या यंत्राकडून आलेल्या पहिल्या वीस नोंदी मी स्वतः डोळ्यांनी पाहतो, आणि विद्यार्थ्यांनाही हा नियम आहे.

गाळणी निवडताना वैद्यकीय प्रश्न समोर ठेवावा. श्वासाबरोबर वरखाली होणारी आधाररेषा सरळ करण्यासाठी ०.५ हर्ट्झखालील सर्व काही कापून टाकणे सोपे असते, आणि केवळ ठोके मोजायचे असतील तर ते चालतेही. परंतु हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण ज्या एसटी भागात, म्हणजे ठोक्याच्या मुख्य शिखरानंतरच्या तुकड्यात, शोधतात, तो मंद गतीचा भाग अशा गाळणीने विकृत होऊ शकतो. म्हणूनच निदानासाठीच्या ईसीजीत खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. दिसायला स्वच्छ झालेली पट्टी वैद्यकीय दृष्टीने खोटी असू शकते.

स्वतः परिपथ बनवून नोंदी घेणार असाल, तर रुग्णाशी किंवा स्वयंसेवकाशी जोडलेल्या लॅपटॉपला चार्जर कधीही लावू नये. यंत्र बॅटरीवर चालवावे आणि विद्युत सुरक्षेची तपासणी आधी करून घ्यावी. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात नेहमीच्या स्थितीतील गळती-प्रवाहाची मर्यादा १० मायक्रोअँपिअर इतकी कडक आहे. त्यावरून या विषयात किती काळजी अपेक्षित आहे हे लक्षात यावे.

परवानगी आणि संमती

संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मिळण्यापूर्वी एकही नोंद घेऊ नये, जुन्या नोंदीही उघडू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ मध्ये काढलेली वेगळी तत्त्वे, दोन्ही आधी वाचून घ्यावीत. समितीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि तिच्यात कायद्याचे जाणकार व एक सामान्य नागरिकही असतो. त्या नागरिकाला कळेल अशा भाषेत प्रस्ताव लिहिला, तर निम्मे आक्षेप उद्भवतच नाहीत. नाव-पत्ता काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, परंतु ती द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नव्हे.

संमतिपत्राच्या मराठीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे भाषा हाच नैतिकतेचा भाग असतो. ‘आपल्या विद्युतहृदयालेखाची विदा अनामिकृत करून संशोधनार्थ उपयोजिली जाईल’ हे वाक्य मी एका मसुद्यात पाहिले आहे. ते ऐकून होकार देणाऱ्या माणसाने नेमकी कशाला संमती दिली, हे कोणीही सांगू शकणार नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘तुमच्या ईसीजीवरचे नाव, पत्ता आणि केसपेपरचा नंबर आम्ही काढून टाकू. उरलेली पट्टी संगणकाला शिकवण्यासाठी वापरू. तुम्ही नाही म्हणालात, तरी तुमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही. नंतर मन बदलले, तर या नंबरवर फोन करून तसे सांगा.’ हा मसुदा रुग्णालयातल्या मावशींना किंवा शिपायांना वाचून दाखवावा आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत काय सांगितले ते ऐकून मगच पक्का करावा. रात्रपाळीहून निघालेल्या एका मावशींनी मला विचारले होते, ‘संगणकाला शिकवणार म्हणजे माझी पट्टी त्याच्यात कायमची राहणार का?’ त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पत्रात नव्हते. ते आम्ही नंतर घातले.

नाव काढून टाकताना फाइलचे नावही पाहावे. पट्टीच्या कोपऱ्यात छापलेले नाव, स्कॅनच्या चित्रातच उमटलेला नोंदणी क्रमांक आणि फाइलला दिलेले ‘पाटील_आजी_२’ असले नाव, या तिन्ही ठिकाणी ओळख शिल्लक राहते.

नोंदींची वाटणी रुग्णांनुसार करावी

या विषयातील प्रबंधांमध्ये सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ईसीजीवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एमआयटी-बीआयएच या नोंदसंचापासून सुरुवात करतो. बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या आणि १९८० मध्ये उपलब्ध करून दिलेल्या या संचात अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत दोन वाहिन्या (एकाच वेळी घेतलेले दोन आलेख), सेकंदाला ३६० नमुने, म्हणजे मोजमापे, आणि दोन हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहून, मतभेद मिटवून लावलेल्या सुमारे १,१०,००० खुणा आहेत. लाखभर ठोके हाताशी आहेत म्हटल्यावर विद्यार्थी खूश होतो, सगळे ठोके एकत्र पिसतो, ऐंशी टक्के शिकवण्यासाठी व वीस टक्के चाचणीसाठी ठेवतो, आणि अचूकता ९९ टक्के येते.

हे लाखभर ठोके केवळ ४७ माणसांचे आहेत. पत्ते पिसल्यासारखे ठोके पिसले, की एकाच माणसाचे ठोके दोन्ही बाजूंना जातात. प्रत्येकाच्या ठोक्याचा आकार हस्ताक्षरासारखा त्याचा स्वतःचा असतो, त्यामुळे मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकते आणि चाचणीत ओळखीचीच माणसे भेटल्याने उत्तीर्ण होते. रुग्णांनुसार वाटणी केली, की तीच पद्धत अनोळखी माणसांवर अडखळू लागते. तो घसरलेला आकडा पाहून वाईट वाटते, पण दवाखान्यात येणारा प्रत्येक नवा रुग्ण मॉडेलला अनोळखीच असणार आहे, म्हणून खरा आकडा तोच.

यातही एक बारीक खाच आहे. नोंदी ४८ आणि माणसे ४७, कारण २०१ आणि २०२ या क्रमांकांच्या नोंदी एकाच पुरुषाच्या आहेत. २००४ पासून सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाटणीत २०१ शिकवण्याच्या बाजूला आणि २०२ चाचणीच्या बाजूला आहे. म्हणजे नोंदींनुसार काळजीपूर्वक वाटणी करूनही एक माणूस दोन्हीकडे राहतो. इतरांनी केलेली वाटणी वापरतानाही माणसे स्वतः मोजून पाहावीत, हा धडा मला त्यातून मिळाला. पीटीबी-एक्सएल या जर्मन नोंदसंचात १८,८६९ रुग्णांच्या २१,७९९ पट्ट्या आहेत आणि त्यांचे दहा भाग रुग्ण विभागले जाणार नाहीत अशा बेताने आधीच पाडून दिले आहेत. नवशिक्याने तेथून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे.

अचूकतेच्या एकाच आकड्यावर विसंबू नये, याचेही कारण याच संचात आहे. नेहमीच्या प्रमाणित गटवारीनुसार यातले दहापैकी जवळजवळ नऊ ठोके ‘सामान्य’ गटात मोडतात. प्रत्येक ठोक्याला डोळे मिटून ‘सामान्य’ म्हणणारा दोन ओळींचा प्रोग्रामही नव्वद टक्क्यांच्या आसपास अचूक ठरतो आणि एकाही रुग्णाच्या कामी येत नाही.

रुग्णांप्रमाणे रुग्णालयेही वेगळी ठेवावीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेल तपासली गेली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण ३४.२ टक्के होते, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या चित्रांत १.२ टक्के. चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हे ओळखणे मॉडेलला जवळजवळ अचूक जमत होते. तंत्रज्ञाने डावी-उजवी बाजू दाखवण्यासाठी ठेवलेल्या धातूच्या खुणेचीही त्याला मदत होत होती. रुग्णालय ओळखले की आजाराचा अंदाज निम्मा बरोबर येणारच. कोविडच्या काळातही हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २०२१ च्या एका आढाव्यात गुणवत्तेच्या चाळणीतून उरलेल्या ६२ अभ्यासांपैकी एकही प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी योग्य ठरला नाही. त्यांतल्या काहींनी तर निरोगी किंवा इतर आजारांच्या गटासाठी लहान मुलांची चित्रे वापरली होती, आणि त्यांची मॉडेल बहुधा मूल आणि प्रौढ यांतला फरक शिकली असावीत.

किती लोक लागतील, आणि धोक्याच्या सूचनेचा अर्थ काय

संख्याशास्त्रज्ञाला नोंदी गोळा झाल्यावर नव्हे, त्याआधी भेटावे. समजा, आजारी माणसांपैकी ९० टक्के ओळखता यावेत अशी अपेक्षा आहे, आणि हा आकडा पाच टक्के अलीकडे-पलीकडे इतक्या खात्रीने सांगायचा आहे. नेहमीच्या सूत्राने १३९ आजारी व्यक्ती लागतात. आजार शंभरात पाच जणांना असेल, तर तेवढे आजारी मिळण्यासाठी सुमारे २,७८० लोकांचा ईसीजी काढावा लागेल. हा हिशेब प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असला, की निधी, वेळ आणि रुग्णालयांची संख्या यांबद्दलचे बोलणे वास्तवात येते.

दुसरा हिशेब डॉक्टरांसमोर बसून कागदावर करावा. एक हजार लोकांत दहा आजारी आहेत. मॉडेल आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते. दहापैकी नऊ आजारी पकडले गेले. पण ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही चुकून धोक्याची सूचना गेली. एकूण १०८ सूचना, त्यांत खऱ्या नऊ, म्हणजे बारांत एक. उरलेल्या ९९ जणांना जिल्ह्याच्या गावी जायचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरच्यांची रात्रभराची काळजी कोणी द्यायची, हा प्रश्न संशोधनाच्या आतला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,१९,२९७ लोकांच्या अमेरिकी स्मार्टवॉच अभ्यासात अनियमित नाडीची सूचना २,१६१ जणांना गेली. त्यांतल्या ज्या ४५० जणांनी छातीला लावायचा, ईसीजी नोंदवणारा पॅच वापरून परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत अलिंद कंपन आढळले. हे कंपन येऊन-जाऊन असते, त्यामुळे उरलेल्या सर्व सूचना खोट्याच होत्या असे म्हणता येत नाही. परंतु घड्याळाने दिलेली सूचना हे निदान नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

निकालही रुग्णांनुसार सांगावा. एका माणसाचे पाचशे अनियमित ठोके बरोबर ओळखले आणि दुसऱ्याचे सर्व दहा चुकले, तर ठोक्यांच्या हिशेबात यश ९८ टक्के दिसते आणि रुग्णांच्या हिशेबात पन्नास.

लेख, पेटंट आणि पुढचा रस्ता

लेखात कोणाची नावे कोणत्या क्रमाने येतील, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवावे. संगणकाच्या क्षेत्रात परिषदेतल्या लेखाला मान असतो, वैद्यकात नियतकालिकाला. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पदवीसाठी उपयोगी पडेल अशी आखणी करावी. यंत्रात काही नवे असेल तर लेख किंवा पोस्टर बाहेर पडण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा, आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा. निदानासाठीचे सॉफ्टवेअरही भारतात वैद्यकीय उपकरण मानले जाते, आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्याला लागू होतात. मॉडेलच्या सल्ल्याने रुग्णांवरचे उपचार प्रत्यक्ष बदलणारी चाचणी करायची असेल, तर पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करावी.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात पाऊल टाकल्यावर काय होते, हे थायलंडमधल्या अनुभवातून शिकावे. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली तेथील अकरा केंद्रांवर वापरून पाहण्यात आली, आणि पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे तिच्या दर्जाला उतरली नाहीत म्हणून तिने तपासायचे नाकारले. त्याचा परिचारिकांना व रुग्णांना त्रास झाला, कारण चित्र पुन्हा काढावे लागे किंवा रुग्णाला दूर पाठवावे लागे. म्हणून आपल्या ईसीजीच्या अभ्यासात टाकून दिलेल्या पट्ट्यांची एक वेगळी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी : तारीख, यंत्र, टाकण्याचे कारण, आणि ती टाकायची असे ठरवले कोणी. जेली वाळली होती, रुग्ण थंडीने कापत होता, दम लागल्यामुळे आडवा होऊ शकत नव्हता, चिमटे अदलाबदल झाले होते. थंडीने कापणारा किंवा दम लागलेला रुग्ण अनेकदा सर्वांत आजारी असतो, आणि त्याचीच पट्टी खराब म्हणून बाजूला पडते. लेखात तपासलेल्या पट्ट्यांच्या संख्येशेजारी या वहीतली संख्याही कारणांसह छापावी.